अर्थिंग

पुरातून निघालेला कॅसिओ
दाजी ऐवळ्यांनी माझ्या टेबलावर उताणा ठेवला.
"मुनीर, बघ काय हुतंय का.
न्हाईतर पोरास्नी खेळायला."
पट्ट्यांच्या फटींतून सांगलवाडीचा गाळ सांडला,
वाळून पिठूळ झालेला, चमचाभर.
ह्याच्यावर त्यांच्या बेंजो पार्टीनं
तासगावपासून जतपर्यंत नवरदेव पोचवले होते.

दिवसा मी मार्केट यार्डात काटे दुरुस्त करतो.
हळदीच्या पोत्यांखाली बसून बसून
आतून पिवळे पडलेले काटे;
पन्नास किलोला पन्नास किलो म्हणायला लावायचं,
एवढंच काम.
रात्री जेवणं उरकली की हसीना विचारते,
"आज किरकिर किती वाजेपर्यंत?"

पाठ उघडून, दात घासायच्या जुन्या ब्रशनं
गाळ काढत होतो.
सेल आतच होते, विसरलो होतो.
ओलं बोट दोन टाक्यांवर एकदम पडलं
आणि ते ओरडलं,
दावं ताणून धरलेल्या रेडकासारखं.
बोट उचललं, गप्प.
ठेवलं, पुन्हा तेच, पण तेच नाही.
त्या रात्री मी कॅसिओ दुरुस्त करायचं सोडून दिलं.

मग पुण्याहून अठरा रुपयांची चिप मागवली,
चौदा पायांची, आत सहा किडे,
सहाही आपापलं कुरकुरणारे.
आवाज कमीजास्त करायची जुनी पोटं होती
(दुकानात त्यांना पोटच म्हणतात),
त्यांना बटणं नव्हती,
खोकल्याच्या औषधाची बुचं बसवली.
सगळं भडंगाच्या पत्र्याच्या डब्यात.
गरम झालं की अजून लसणाचा वास सुटतो.

एक घरघर मात्र जाईना.
डब्याला हात लावला की थांबायची,
काढला की परत.
आमचे वस्ताद, बाळू मगदूम,
चहा संपवून, डबा न उघडताच म्हणाले,
"अर्थ दिलायस का?"
नाही.
"मग? अर्थ नसला की गुणगुणतंच."
ते वायरबद्दल बोलत होते.
मी उगाच रात्रभर जागा.

घरमालकांना तुळशीजवळ खड्डा चालेना,
मोरीच्या मागं खणला.
मीठ, कोळसा, पाइपचा तुकडा.
चार फुटांवर ओल लागली,
आणि तोच रंग, तोच पिठूळ गाळ,
फक्त जिवंत.
वायर आवळली.
घरघर खाली गेली, नदीकडं.
नदीचं नदीला, असं काहीतरी हसीना म्हणाली
आणि झोपायला गेली.

शेवटी भंगारात निघालेल्या काट्याचा लोडसेल जोडला.
आता वजन ठेवलं की सूर चढतो.
अडकित्ता: थोडा.
पाव किलो हळकुंडं: बऱ्यापैकी.
फरहीनला बसवलं, सात महिन्यांची,
तर इतका चढला की गल्लीतलं कुत्रं उठलं.

दाजी आले एका बुधवारी.
लग्नाची तारीख जवळ, कॅसिओ पाहिजे होता.
डब्याकडं बघितलं, बुचांकडं बघितलं.
"ह्याच्यावर वरात नाचंल का?"
नाही नाचणार.
तरी काट्यावर तळहात ठेवला,
सनई धरून धरून बोटं वाकलेला तो हात,
आणि दाबला, सोडला,
अर्धाच सोडला,
एका जागी धरून थरथरवला.
मला महिनाभर जे जमलं नव्हतं
ते, विडी ओठात असताना.
किती वेळ, घड्याळात बघितलं नाही.

हात उचलला
तरी सूर पुरता खाली येईना.
शून्याच्या जरा वर
अडून राहिला, दाजी जिना उतरेपर्यंत.
काट्याच्या धंद्यात ह्याला दोष म्हणतात.
दिवसा मी तो
दीडशे रुपयांत काढून देतो.